आकृती क्रमांक दोन

लांजेवार मॅडमचा पेपर छापून आला.
चौदा पानं, चकचकीत, इंग्रजी.
अगदी शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात, आभार:
डी. कापगेट, तंत्रज्ञ.
तो मी. दुधराम कापगते.
तीन उन्हाळे लुनाच्या मागे ईसीजीचं यंत्र बांधून
लाखांदूरपासून इटियाडोहच्या नहरापर्यंत
हृदयं गोळा करत हिंडलेला.

शब्दकोश घेऊन बसलो.
तक्ता एक: सोळाशे बारा माणसं, वय पन्नाशीपुढं.
तक्त्यात घाम नाही.
जेल संपल्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस नाही,
छातीला थंड वाटी चिकटली की
"अगा माय" म्हणून हसणाऱ्या कोष्टीणी नाहीत.

पाठपुराव्यातून गळाले: एकोणतीस.
गळाले म्हणजे कुठं, ते मला माहीत.
अकरा मिरची तोडायला तेलंगणात.
एक लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडचीच झाली.
एकजण यंत्र बघून तणसाच्या ढिगामागे दडला,
म्हणे, हे उरलेले दिवस मोजते.
बाकीच्यांचं नाही लिहीत.

आणि पान सहा. आकृती क्रमांक दोन.
एक पट्टी. उंच टोकं,
पण कुठल्याच दोघांतलं अंतर सारखं नाही.
खाली लिहिलंय: अनियमित, आणि तेही अनियमितपणे.
सहभागी क्रमांक ४१७, पुरुष, ६३.

लोक तोंडवळा ओळखतात, मी पट्टी.
तिसऱ्या आणि चौथ्या ठोक्यामधली
ती लांब सपाट जागा,
तिथं श्वास मी धरला होता,
त्यानं नाही.

उरकुडा नान्हे. चिचटोला. राइस मिलचा मिस्त्री.
त्याच्याआधीची तीन लेकरं गेली,
म्हणून सुइणीनं हा जन्मला तसा उकिरड्यावर ठेवला,
आईनं सुपात घालून परत आणला,
नाव ठेवलं उरकुडा:
यमाच्या यादीत केराचं नाव कोण वाचतो?
त्रेसष्ट वर्षं पुरली ती युक्ती.
मग मॅडमनंही त्याला दडवला, नियमाप्रमाणे, आकड्याखाली.
आता कुठल्याही देशातला डॉक्टर त्याचं काळीज बघेल
आणि चिचटोल्यात त्याला विचारत येणार नाही.

रविवारी पेपर घेऊन गेलो.
कोंड्याच्या धुळीत बसून तो पट्ट्याला राळ लावत होता.
चष्मा नव्हता. काळ्या बोटानं रेघ चाचपली.
"हे माहं?"
"तुझंच."
खूप वेळ बघितलं.
"मिस मारते."
तीस वर्षं डिझेल इंजिनाला कान लावलेला माणूस.
पान एक ते पाच मला आत्ता कळली.

मग विचारलं, "दुरुस्तीचं कोन्या पानावर हाये?"

निष्कर्षाची शेवटची ओळ मला पाठ होती:
या विषयावर अधिक अभ्यासाची गरज आहे.
ती नाही सांगितली.
म्हटलं, गोळी चुकवू नको, रक्त पातळ ठेवते ती.
"पातर? वरनावानी?"
वरणावानी, म्हटलं. महिन्याला येतो मी, सुई घेऊन.

त्याची स्वतःची पट्टी त्यानं कॅलेंडरमागे जपलेली.
काढून दाखवली. उष्णतेचा कागद तो,
इंजिनाच्या धगीनं पार काळा झालेला,
रेघ कुठं, रात्र कुठं, कळेना.
म्हटलं, नवीन काढून देतो.
"राहू दे बावा," म्हणाला,
"दडून हाये थे बरं हाये,"
आणि इंजिनाचं हँडल हातात घेतलं,
मग आठवून माझ्याकडे दिलं.

संध्याकाळी घरी
पेनानं गेटचं गते केलं.
४१७ ला हात लावला नाही.